फ्यूजच्या जागी तार

ये गं, अशी जवळ सरक. नव्या व्हॅनला पंखा जोडायला निघालीस आणि वर मलाच विचारतीस, फ्यूज कशाला? शिकून काय केलंस मग?

आमच्या ह्यांनी देगलूर-नांदेड फेऱ्या मारायला व्हॅन घेतली होती. पंखा, लाल-निळे दिवे, देवाच्या फोटोभोवतीची लाइटिंग, सगळं हॉर्नच्या एकाच वायरीवर जोडलं. फ्यूज सारखा उडायचा. ह्यांनी नजर लागली म्हणून लिंबू-मिरची बांधली. तरी उडलाच, तवा फ्यूजच्या जागी तांब्याची तार कोंबली आणि मला म्हणाले, "बघ, आता उडून दाखव म्हणावं!"

उडतोय कशाचा? एकदा मीबी गाडीत होते, तवा भर रस्त्यात फोटोखालून धूर निघाला. मागच्या सीटवरच्या म्हातारीनं हात जोडले, "लई भाविक माणूस हाय, गाडीतबी ऊद जाळतो!"

मी ओरडून सगळ्यांना खाली उतरवलं आणि बॅटरीची वायर काढली. वायरी जळाल्या, माणसं वाचली. तवापासून आमच्याकडं प्रत्येक वस्तूला बॅटरीपासून वेगळी, लोड झेपेल अशी वायर असते आणि बॅटरीपाशीच तिचा फ्यूज.

तू पंखा विकत घे, पण जोडू नको. या रविवारी गाडी घेऊन घरी ये, आपण दोघी मिळून जोडू. जेवायलाच ये.