लाली गेली म्हणजे बरं झालं?

नेत्रविभागातल्या सिस्टरची जीभ म्हणजे कात्री, असं सगळा वॉर्ड म्हणायचा. पण तिनं तरी काय करावं? कुणी लेन्स घालूनच झोपतो, कुणी शेजाऱ्याचे थेंब डोळ्यात टाकतो, कुणी रुमालाच्या टोकानं बुबुळ खरवडतो! वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडायचं आणि सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

त्यात दिव्याखालीच अंधार. लेथवर काम करणारा तिचा नवरा त्या सकाळी खिडकीकडे पाठ करून चहाला बसला. उजेड सोसत नव्हता. तिनं हनुवटी धरून त्याचं तोंड वर केलं. डोळा गळत होता, पापण्या घाणीनं चिकटलेल्या, आणि काळ्या बुबुळावर चक्क पांढरा ठिपका.

"काय टाकलंत यात?"

"गेल्या आठवड्यात लोखंडाचा कण गेला होता. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे थेंब उरले होते, ते टाकले. लाली गेली होती गं!"

"जाणारच! त्यात स्टेरॉइड असतं. वरून सगळं शांत आणि आत जंतूंना मोकळं रान! अहो, डोळा आहे की कारखान्यातलं भंगार?"

तिनं त्याला ओढतच आपल्या वॉर्डात नेलं. डॉक्टरांनी डोळा बधिर करून जखमेतला नमुना खरवडून घेतला, तपासायला पाठवला आणि अँटिबायोटिकचे थेंब सुरू केले. दर तासाला, झोपेतून उठवूनसुद्धा. थेंब झोंबायचे. तो कुरकुरायचा, ती करवादायची, पण एकही वेळ चुकू द्यायची नाही. ठिपका नेमका मधोमध होता. केसाएवढा फरक टिपणारा हा डोळा गेला तर हा माणूस लेथवर उभा कसा राहणार?

नमुन्यात जिवाणू सापडले, औषधही लागू पडलं. जखम भरली. पण मागे धुरकट डाग उरला. त्या डोळ्यानं तक्त्यावरची वरची मोठी अक्षरं तेवढी वाचता आली.

"थोडं आधी आला असतात तर!" डॉक्टर वैतागले. "घरात नेत्रविभागातली बायको, आणि तिला सांगितलं नाहीत?"

नवऱ्यानं मान खाली घातली. "ओरडली असती ना."

सगळा वॉर्ड खो खो हसला. सिस्टरला नवऱ्याचा राग आलाच नाही. आला तो स्वतःच्या जिभेचा.