भिंतीवरचा माझा दोरा

गारखेड्याचा उस्ताद गेला तेव्हा मी त्याच्या मातीला गेलो नाही. राग होता. आता सांगायला लाज वाटते, पण खोटं कशाला बोलू.

उस्ताद जुन्या गाड्या सोलून त्यांच्या नव्या करायचा. कुणाची जीप, कुणाची मोटारसायकल. सांगाडा कापून लांब करणार, टाकी स्वतः पत्रा ठोकून घडवणार, आणि गिऱ्हाईकानं रंगाबद्दल तोंड उघडलं की म्हणणार, "रंगच निवडायचाय तर साडीच्या दुकानात जा." असल्या तोंडाच्या माणसाकडं लोक पुण्याहून गाड्या टेम्पोत घालून का आणतात, याचंच मला लई कुतूहल. मी वाळूजच्या एका कंपनीत लेथवर, लोखंडाचे सुटे भाग कातायचो. सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडं जाऊन बसायचो, आणि बसता बसता त्याचं सगळं लेथकाम माझ्याच गळ्यात पडलं. त्याच्या कोपऱ्यात एक जुना लेथ होता, तो माझ्याशिवाय कुणाचं ऐकायचा नाही.

त्याची माप घ्यायची तऱ्हा मी दुसरीकडं बघितली नव्हती. टेप नाही, पट्टी नाही. नुसत्या सांगाड्यावर फळी टाकून माणसाला बसवायचा. "डोळे मिट अन् चालव गाडी." माणूस मनातल्या मनात चालवायला लागला की हात जिथं जातील, पाय जिथं पडतील, तिथपर्यंत सुती दोरा धरून गाठी मारायचा. एक गाठ हाताची, एक पायाची. मग तो दोरा भिंतीवर खिळ्याला. नाव लिहायचं नाही, कोणता कुणाचा ते त्याला पाठ. कुणाशी वाजलं तर दोरा कात्रीनं कापायचा आणि त्या गाडीला पुन्हा हात लावायचा नाही. माझी मोटारसायकलही त्यानंच घडवली होती. माझा दोरा खिडकीजवळच्या खिळ्याला होता.

आमचं वाजलं ते त्या दोऱ्यावरूनच. एका गाडीच्या हँडलचा जोड मी करून दिला. दोरा ताणून धरला, व्हर्निअरनं मोजला, माप तंतोतंत. उस्तादनं जोड लावून बघितला आणि सरळ नालीत फेकला. "दोरा ताणतो व्हय रं? माणूस गाडीवर ताणून बसतो का? सैल बसतो. कंपनीचं माप कंपनीत ठेव." समोर गिऱ्हाईक उभं. माझंही डोकं सटकलं. म्हणलं, "पावसाळ्यात आखडणाऱ्या दोऱ्याला तुम्ही माप म्हणता? कापा माझा दोरा, आत्ताच कापा." त्यानं कात्री उचलली नाही. नुसतं दाराकडं बोट केलं. मी निघालो.

पुढं तीन वर्षं गेलो नाही. मधे माझा डावा गुडघा गेला, ऑपरेशन झालं. पायाची बोटं वर उचलून गिअर टाकणं जमेना. उस्तादनं माझे फूटरेस्ट इतके पुढं नेलेले की टाचेनं दाबायचा बाजारातला कुठलाच तयार गिअरचा दांडा त्याला बसेना. गाडी जिन्याखाली गेली, मी शिफ्टच्या बसमध्ये. बस चौकात सोडायची. तिथून घरी, पुंडलिकनगरपर्यंत चालत यायचो, आणि उस्तादचं दुकान आलं की रस्ता ओलांडून पलीकडनं जायचो.

उस्ताद गेल्यावर दांडा बनवून घ्यायला त्याच्याकडून फुटलेल्या चेल्यांची दुकानं मात्र फिरलो. एकेकाला त्यानं हाकलून दिलेलं, आणि एकेकजण त्याच्या नावानं बोटं मोडणारा. पण भिंतीकडं बघावं तर खिळे आणि दोरे. शिव्यासुद्धा त्याच्याच. सगळ्यांचं उत्तर एक, "उस्तादची गाडी आम्ही खोलत नाय." मेलेल्या माणसाला एवढं भ्यायचं कशाला, मला कळेना.

मग कळलं, त्याच्या मुलीनं दुकान उघडलंय. नवी कामं नंतर, आधी भिंतीवर ज्यांचे दोरे आहेत त्यांच्या गाड्या. मला बघायचं होतं ते एवढंच, की त्यानं माझा दोरा कापला का ठेवला. ठेवला असेल तर मी पुन्हा गाडीवर बसणार होतो. नसेल तर गाडी भंगारात.

गेलो. खिडकीजवळचा खिळा मोकळा होता.

कापा म्हणून मीच बोललो होतो. वळून निघालो तर उस्तादची मुलगी म्हणाली, "काका, भिंतीवर काय शोधता? काम चालू असलं की दोरा कामासोबत असतो. तुम्हाला मी सांगायचं का?"

मला ते ठाऊक होतं. वर्षानुवर्षं बघितलेलं. रागात डोक्यातून गेलं, दुसरं काय.

तिनं कपाटातून तेलकट फडक्यात गुंडाळलेला गिअरचा दांडा काढला. मागं टाचेनं दाबायला चपटी पट्टी जोडलेली. त्याच्याभोवती माझा दोरा. हाताची गाठ तशीच होती. पायाची सोडून दोन बोटं अलीकडं नवी मारलेली.

"तुम्ही पलीकडनं जायचे ना, आमचे अण्णा दारात उभं राहून बघायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, डावा गुडघा गेला ह्याचा. आता बोटानं गिअर पडायचा नाय, टाच पायजे."

"मग पुरा का नाही केला?"

तिनं दांड्याच्या भोकात बोट घातलं. भोक रिकामं होतं, आत बसायची नळी नव्हती. "आतला पितळी बुश राहिलाय. दोघंजण करून देतो म्हणाले. अण्णांनी दिलं नाही. म्हणाले, लेथवाला आपला आहे, येईल."

मी कोपऱ्यातल्या लेथवरची धूळ पुसली, पितळेचा तुकडा मागून घेतला आणि लेथ चालू केला.

बुशला अर्धा तास लागला.