राखणदाराचा वाटा

आमच्याकडं जत्रेला बोकड पडतं आणि शेवटची पंगत उठली की राखणदाराचा वाटा निघतो. राखणदार म्हणजे घरचा कुत्रा. वर्षभर ऊस राखला, डुकरं हाकलली, म्हणून त्या दिवशी त्याला रश्शात चुरलेल्या भाकरीची परात, एकदम, पोट फुटेस्तोवर, तीही घरच्या सुनेच्या हातानं. इस्लामपूरजवळच्या आमच्या गावाची ही रीत. मी ती मोडली. कशी मोडली ते सांगते, ज्यांना नाकं मुरडायचीत त्यांनी खुशाल मुरडावीत.

नवरा फौजेत. एका सुट्टीत त्यानं जतकडच्या मेंढपाळ मित्राकडून पिल्लू आणलं. वाढून ते हे उंच झालं, लांब पाय, खोल छाती, पोट पाठीला लागलेलं. नवरा परत ड्यूटीवर गेला की घरात माझ्या शब्दाला शब्द न लावणारा तो एकटाच. नाव इथं लिहीत नाही. लिहिलं की हाक मारावीशी वाटते.

सात वर्षं झाली होती त्याला. त्या जत्रेला मी परात पुढं ठेवली आणि त्यानं दोन मिनिटांत साफ केली. लगेच कुणीतरी ओरडलं, उसात डुकरं शिरलीत, आणि हा सुटला. भर उन्हात सगळं रान पालथं घालून आला, घमेलंभर पाणी प्यायला. तासाभरात त्याला बसवेना, उठवेना. ओकायला बघायचा, पण येत काहीच नव्हतं, नुसता फेस. पोट हलगीसारखं ताणलेलं.

मामंजींनी पोटावर बोटं वाजवली. माझे सासरे फौजेतून निवृत्त झालेले, आणि गुरांच्या पोटफुगीला पंचक्रोशीत त्यांचाच हात. किती बैल त्यांनी वाचवलेत ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

"वारा धरलाय त्येनं. बैलाला हुतं तसंच हाय," ते म्हणाले. "पोरी, त्याल आन. हिंग घाल त्येच्यात."

गोठ्यातलं बांबूचं नळकांडं आलं. कुत्र्याचं तोंड मी धरलं. दुसऱ्या कुणाला त्यानं धरू दिलं नसतं. माझ्याकडं बघत बघत त्यानं तेल घेतलं, निम्मं बाहेर आलं. मग बैलासारखं त्याला अंगणात फिरवलं. पुन्हा तेल, पुन्हा फेऱ्या. यात दोन तास गेले. तो आडवा झाला तेव्हा जीप काढली. इस्लामपूरला डॉक्टरांच्या दारात त्यानं माझ्या मांडीवर मान टाकली.

डॉक्टर शांतपणे बोलले. बैलाच्या पोटात वायू धरतो, तो तेलानं सुटतो. अशा खोल छातीच्या कुत्र्याचं फुगलेलं पोट आतल्या आत पीळ खातं, वरचं तोंड बंद, खालचं बंद. तेल जाणार कुठं? त्याला फिरवायचं नसतं, काही पाजायचं नसतं, तडक ऑपरेशनला आणायचं असतं. "तासाभरात आणला असता तर..." एवढं बोलून ते थांबले. ते वाक्य मीच रोज पुरं करते.

बांधावर करंजाखाली खड्डा घेतला, मीठ घातलं, त्याला ठेवलं. घरी येऊन मी चूल पेटवली नाही. चुलत सासूबाई म्हणाल्या, "आगं, मानूस गेल्यागत काय रडतीस? कुत्र्याचं सुतक धरत्यात व्हय?"

"मी धरणार," मी म्हणाले. "तुमी नका धरू."

धरलंच. दहाव्या दिवशी बांधावर दूध-भाकरीचा घास ठेवला. कावळा शिवायच्या आधी शेजारचं कुत्रं येऊन खाऊन गेलं, आणि मला तेच बरोबर वाटलं. गावभर हसं झालं. होऊ दे. सात वर्षं ज्याच्या भरवशावर मी एकटी मळ्यात राहिले, त्याच्यासाठी रडायला मी कुणाची परवानगी काढणार नव्हते.

वर्षभरानं त्याच जातीचं दुसरं पिल्लू आणलं. ते मोठं झाल्यावर नसबंदीच्या वेळीच डॉक्टरांकडून त्याचं पोट आतून टाचून घेतलं, म्हणजे पीळ बसायची भीती कमी. एका वेळचं खाणं मी तीन वेळांत वाटलं. बकाबका खाऊ नये म्हणून भांड्यात कृष्णेतला एक गुळगुळीत दगड ठेवला, त्याच्या भोवतीनं जिभेनं वेचत खावं लागतं. खाऊन झालं की तासभर साखळी, मग रानात डुकरं नाचोत नाहीतर काही होवो. चुलत सासूबाई म्हणाल्या, हिनं कुत्र्याच्या ताटात देव मांडलाय. मांडलाय म्हटलं, नैवेद्यही दाखवते, या बघायला.

मामंजी मात्र यातल्या कशालाच काही बोलले नाहीत. त्या दुपारीबद्दल आम्ही दोघांनी एकमेकांशी एक शब्द काढला नव्हता. मला त्यांचा राग होता, खोटं का बोलू? आणि त्याहून जास्त माझ्या दोन हातांचा.

यंदाची जत्रा आली. शेवटची पंगत उठली आणि चुलत सासूबाई परात भरून थेट गोठ्याकडं निघाल्या. सून वाटा घालत नाही तर मी घालते, म्हणे. मी पदर खोचला आणि त्यांच्या आडवी जाणार, तेवढ्यात मामंजी कुत्र्यापुढं येऊन उभे राहिले.

"वैनी, परात आत न्या."

"आवं भावजी, वरसातनं येक दिस तरी पोटभर खाऊ द्या की मुक्या जनावराला! रीत हाय ती."

"मागल्याचं तोंड हिनं धरलं हुतं," मामंजी सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाले. "पर त्याल म्या वतलं. बैल आन कुत्रं येकच समाजलो म्या. त्येला म्या मारला, हिनं न्हाई."

माझा पदर खोचलेला तसाच राहिला. मग ते माझ्याकडं वळले. "पोरी, तुजं ते दगडाचं भांडं आन. वाटा म्या घालतो."

त्यांनी दोन मुठी भाकरी दगडाभोवती पसरली आणि ती संपेपर्यंत तिथंच थांबले. मग साखळी हाताला गुंडाळून गोठ्याच्या ओट्यावर बसले. कुस्त्यांच्या मैदानातून त्यांना बोलवायला माणसं आली. जत्रेची एकही कुस्ती त्यांनी कधी चुकवलेली नव्हती.

"तासाभरानं येतो," ते म्हणाले आणि बसून राहिले.