रुमालाखालची बाटली

बाबुराव गेल्याचं मला कळलं ते घोडेगावच्या बैलबाजारात. बाजारतळाला लागूनच त्यांचं औषधांचं दुकान. ऐन बाजारच्या दिवशी फळ्या लागलेल्या दिसल्या, म्हणून शेजारच्या दुकानदाराला विचारलं, तेव्हा कळलं...

बाबुराव कट्टर डावे आणि मी शाळामास्तर, त्यांची खोडी काढण्यात पटाईत. बाजारात दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून बैलांचा भाव ठरवतात. ते बघत बाबुराव म्हणायचे, "मास्तर, मोठ्या देशांचं बी असंच हाय. वर तोंडानं तत्त्वं, खाली बोटांचा सौदा!"

"आणि तुमच्या रशियाचं?" मी विचारी. मग मात्र त्यांना एकदम गिऱ्हाईक आठवायचं.

बांगलादेशच्या युद्धात अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालं आणि इकडे बाबुरावांचं डोकं फिरलं. दुकानातली सगळी अमेरिकी औषधं त्यांनी परत धाडली. त्यात माझ्या लेकीच्या, सुमनच्या, फिटच्या गोळ्याही गेल्या. "देशी कारखान्याची गोळी येतीच हाय," ते म्हणाले. ती आलीच नाही. घरातल्या गोळ्या संपल्या आणि पोरीला झटका आला.

बाबुराव अनवाणी धावत आले. तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले, डोळ्यांतून पाण्याची धार. ती शुद्धीवर आल्यावर मिळेल त्या एस.टी.नं नगरला जाऊन त्याच गोळ्या घेऊन आले. पुढे त्यांनी पुन्हा माल मागवला, तर कंपनीच्या माणसानं सुनावलं की खेड्यात खप नाही, पाठवणं परवडत नाही. "माझं तत्त्व आन् त्यांचा नफा, मधी पोरगी चेंगारली की वो," बाबुराव म्हणाले. तेव्हापासून दर महिन्याला ते स्वतः नगरला जाऊन बाटली आणत. पण उघडपणे कधी दिली नाही. माझ्या हातावर रुमाल टाकायचे, खालून बाटली सरकवायचे, आणि तोंडानं अमेरिकेला शिव्या चालूच! मला हसू आवरत नसे. इतका हट्टी आणि इतका मायाळू माणूस मला पुन्हा भेटायचा नाही.

परवा बाबुरावांच्या बायकोनं, वहिनींनी, दुकान उघडलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी रशियन कॅलेंडरामागच्या कोनाड्यातून बाटली काढली. "जायच्या आदल्या दिशी आनून ठिवली हुती," त्या म्हणाल्या. मी हात पुढे केला. त्या जरा थांबल्या, खुंटीवरचा बाबुरावांचा रुमाल काढून माझ्या हातावर टाकला...

खालून बाटली हातात आली. वर शिव्या द्यायला कुणी नव्हतं.