चौथ्या लेव्हलची दरी

तो गेम फालतू होता, हे मी आधीच कबूल करते. त्याची बाजू घ्यायला मी बसलेली नाही. माझी बाजू घ्यायला बसले आहे.

आम्ही धामणगाव बढ्याचे. टीव्हीला जोडून खेळायचे कॅसेटचे गेम तेव्हा गावात नवे होते. माझा चुलतभाऊ, दादा, बुलढाण्याहून एका उड्या मारायच्या गेमचं इतकं कौतुक ऐकून आला की विचारू नका! बाकी सगळे गेम त्याच्यापुढं पाणी भरतात, असं दुकानदार म्हणाला म्हणे. अख्ख्या गल्लीनं महिनाभर वाट पाहिली. कॅसेटवर पंखवाला घोडा आणि जळता किल्ला. लावली, तर ना घोडा ना किल्ला! टोपीवाला एक बुटका आणि त्याच त्या विटा. बटण दाबलं की साहेब आधी विचार करणार, मग उडणार.

आणि चौथ्या लेव्हलला ती दरी. एवढी रुंद की गल्लीतली सगळी पोरं तिथंच मेली. दादा दात-ओठ खाऊन बटण दाबायचा, तरी मरायचाच. मेला की रिमोट दुसऱ्याला, असा आमचा नियम. पोरींचा नंबर शेवटी, आणि आम्हाला मिळायचा तो दुसरा रिमोट, ज्याचं उडीचं बटण रुतलेलं. दहादा दाबलं की एकदा लागायचं.

एका दुपारी पोरं आमरस खायला उठली आणि मी एकटीच, सवयीनं तोच रुतलेल्या बटणाचा रिमोट घेऊन, कशीबशी त्या दरीपाशी पोचले. पळत आले, बटण दाबलं, लागलंच नाही. बुटका सरळ कड्यावरून खाली. मेला, म्हटलं. तर पठ्ठ्या खाली एका फळीवर उभा! वरून ती दिसतच नव्हती. उडी मारणारा तिच्या पुढं जाऊन मरायचा, नुसता चालणारा बरोबर तिच्यावर पडायचा. समोर निळी गुहा, आत पाणी.

"दादा, ये लवकर!" मी ओरडले. आणि लाइन गेली.

लाइन गेली की गेम पुन्हा पहिल्यापासून. दादा आमरसाचा हात घेऊन दारात उभा. "काऊन थापा मारतं वं? आमाले नाई जमलं अन् तुले जमलं?" सगळे खो-खो हसले. त्याच आठवड्यात त्यानं ती कॅसेट रोहिणखेडच्या मित्राला देऊन दुसरी आणली, त्यामुळं दाखवायची सोयही उरली नाही. पुढं घरात कोणी फेकाफेक केली की म्हणायचे, निळ्या गुहेत जाऊन आला वाटते. माझ्या लग्नात, सासरच्या माणसांसमोर दादानं हेच म्हटलं. मीही हसले. पण अंगाचा तिळपापड झाला होता.

यंदा अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले, तर दादाच्या मुलीच्या लॅपटॉपवर तोच गेम सापडला. तेवढाच रटाळ. तीसेक वेळा मेले, पण दरीपर्यंत पोचले. मग दादाला बोलावून समोर बसवलं. "खेळ."

"निळी गुहा?" तो हसला.

"हाव. निळी गुहाच."

त्यानं उडी मारली, मेला. पुन्हा मारली, पुन्हा मेला. "बटनाले हात लावू नको," मी म्हटलं.

"न उडता कसा जाईन?"

मी त्याचं बोट धरून बाजूला केलं. बुटका चालत गेला, पडला, फळीवर थांबला. समोर निळी गुहा. पाणीसुद्धा होतं.

दादानं लॅपटॉप माझ्याकडं सरकवला. मग म्हणाला, "गेम मात्र फालतूच हाय."

"हाव, फालतूच हाय. पण मी खोटी नोती. म्हण."

त्यानं मुलीकडं पाहिलं, वहिनीकडं पाहिलं. "सोड ना आता. किती वर्षं झाली."

"लग्नात सगळ्यांसमोर बोलला होता ना? आता इथं म्हण."

"नोती तू खोटी," तो पुटपुटला.

"मोठ्यानं," मी म्हटलं.