ओव्याच्या पानांचा खोकला

हसणार नसाल तर सांगतो. माश्या घालवायला गेलो आणि पानात पडलेलं पापलेट घालवून बसलो, असा माणूस तुम्ही पाहिला नसेल. तो मी.

बदली होऊन पालघरच्या ऑफिसात आलो. बायको आणि मुलगी नाशकातच राहिल्या. बोईसरजवळच्या पाम गावात एक खोली घेतली. संध्याकाळी कुलूप उघडलं की सोबतीला कोण? माश्या. शेजारच्या हिरामावशी अंगणात बोंबील सुकवायच्या, त्यामुळे सोबतीला तोटा नव्हता.

बायको फोनवर म्हणाली, "अहो, ओव्याची पानं चुरगळून ठेवा. वासानं पळतात."

ठेवली. खिडकीत ठेवली, ताटाजवळ ठेवली, आणि उत्साहाच्या भरात हातांना, मानेलाही चोळली. माश्या खरंच कमी झाल्या. खोली शांत झाली. जरा जास्तच.

रविवारी हिरामावशींनी हाक मारली, "भाऊ, पापलेटाचं कालवन केलंय. आमच्याकडंच जेवा आज."

गावात आल्यापासूनचं पहिलं आमंत्रण. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. पाटावर बसलो. मावशींनी पापलेट वाढलं आणि वाकलेल्या तशाच थबकल्या.

"ओव्याच्या पानांचा वास येतोय. खोकला झालाय काय तुमाला?"

आता काय सांगायचं? तुमच्या बोंबलांवरच्या माश्यांसाठी पानं चोळलीत म्हणू? पहिल्याच जेवणाला? म्हटलं, "हो, थोडासा."

"मंग मावरं नाय खायाचं."

पापलेट उचललं गेलं. पुढ्यात आला मऊ भात. एक डोळा त्या पापलेटावर ठेवून भात गिळला, मधूनमधून इमानानं खोकत.

पण दुसऱ्या दिवसापासून काय झालं, मावशी रोज सकाळी काढ्याचा पेला घेऊन दारात. "कसा हाय खोकला?" ऑफिसला निघताना आपल्याला कुणी काही विचारलं की कसं वाटतं, हे मी विसरूनच गेलो होतो. खोकला काही बरा होईना. तुमचा झाला असता?

एक दिवस मावशी रिकाम्या हातानं आल्या. "आता बरं हाय ना?"

मी घाईघाईनं खोकलो.

मावशी बघत राहिल्या. मग उंबऱ्यावर टेकल्या. "भाऊ, तुमाला खोकता पन नाय येत. बोलायचंय ना? बोला की. बसलेय मी."

मी तोंड उघडलं. पण सवयच मोडलेली. बोलायला काही म्हणजे काही सुचेना.

म्हणून पुन्हा खोकलो.