लाकूड धरतंय

लाकडाला कान लावायच्या आधी मिस्त्री कानावरची विडी काढून खिशात ठेवायचे. मग दोन टिचक्या, डोळे बंद, आणि निकाल. "धरतंय" किंवा "धरत नाही." डहाणूच्या खाडीवर उभा जन्म होड्या बांधण्यात गेलेला माणूस. आमच्या गल्लीत कुणी पलंग घेवो नाहीतर पाट, मिस्त्रींची टिचकी पडल्याशिवाय तो घरात यायचा नाही. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच, न विचारता निकाल देणारा.

२०१६ साली मी शाळेतून निवृत्त झाले. लहानपणी शिकलेला पियानो लग्नानंतर सुटला होता, तो मला परत हवा होता. आयुष्यात एकदाच घेता येणार होता. फसले असते तर दुसरा परवडणार नव्हता. तलासरीला हायवेलगतच्या जुन्या फर्निचरच्या गोदामात एक आहे असं कळलं. मिस्त्रींना बरोबर नेलं ते फक्त तो माझ्या दारातून आत जाईल का, हे मोजायला. त्यांनी जन्मात पियानो पाहिला नव्हता. सुराचं मला कळतं, तुम्ही नुसतं माप घ्या, असं मी एसटीत दोनदा बजावलं. काय तो माझा तोरा!

पियानो काळाभोर, चकचकीत. दोन ओळी वाजवल्या आणि मी विरघळलेच. गोदामवाला म्हणाला, आजच सुरात लावून घेतलाय बेन, उद्या राहायचा नाही. मी पर्स उघडली. तोवर मिस्त्रींनी पुढची फळी काढून डोकं आत घातलं होतं. प्रत्येक तार एका लोखंडी खुंटीला गुंडाळलेली आणि त्या सगळ्या खुंट्या एकाच जाड फळीत ठोकलेल्या, हे त्यांनी पाहिलं. बाहेर येऊन म्हणाले, "आज नको. आठ दिवसांनी येऊ."

त्यांची रीतच ती. नवी होडी आठ दिवस खाडीत नुसती उभी ठेवायची, भरती-ओहोटी खाऊ द्यायची, मग फळ्या बघायच्या. पहिल्या दिवशी सगळंच चांगलं दिसतं म्हणे. परतीच्या एसटीत मी मुद्दाम त्यांच्यापासून लांबच्या सीटवर जाऊन बसले. हातचा पियानो या सुतारापायी जाणार, याचा असा संताप आला होता!

आठ दिवसांनी, न कळवता, आम्ही पुन्हा गेलो. पियानो तिथेच होता. मी त्याच दोन ओळी वाजवल्या आणि माझेच कान लाजले. चार सूर चक्क खाली बसले होते. गोदामवाला हवेला दोष देऊ लागला. मिस्त्रींनी त्याच्याकडून सूर लावायची किल्ली घेऊन एक खुंटी फिरवली, ती हलणाऱ्या दातासारखी फिरली. "धरत नाही," ते म्हणाले आणि बसची वेळ विचारली.

दुसरा पियानो डहाणूतच निघाला, एका चिकूच्या वाडीतल्या बंगल्यात. मालकीणबाई मुलाकडे राहायला जायच्या होत्या. पट्ट्या पिवळ्या, एक पाय वाळवीने खाल्लेला, आणि सूर असे उतरलेले की वाजवताना मला रडू यायचं बाकी राहिलं. मिस्त्री मात्र आत डोकं घालून रमले. मग मला म्हणाले, एक सूर गाऊन दाखवा. मी गायले. मालकीणबाईंकडची किल्ली घेऊन, दोन्ही हातांनी जोर लावून त्यांनी फक्त त्या सुराच्या तारा वर चढवल्या, आणि ठरल्याप्रमाणे आम्ही घरी आलो.

ते आठ दिवस मला झोप नव्हती. परत गेलो तेव्हा मी ती पट्टी भीत भीत दाबली. आजूबाजूचे सगळे सूर पडलेले, आणि मधोमध तो एकटा, होता तिथेच. मी मिस्त्रींकडे पाहिलं.

"पण पाय?" मी विचारलं.

"पाय मी देईन, बाई. आतली फळी मला देता यायची नाही."

पाय त्यांनी सागाचा दिला, देखणा. आणि मला न विचारता, होडीच्या फळीला चोपडतात तसं त्याला माशाचं तेल चोपडलं. वाळवीची बिशाद नाही, म्हणाले. वाळवीची नव्हती, पण मी घरी पियानोची शिकवणी सुरू केली होती, त्या विद्यार्थ्यांचीही नव्हती! सहा महिने पोरं नाकाला रुमाल लावून शिकली, आणि गल्लीतली मांजर त्या पायाशी मुक्कामाला आली. मी मिस्त्रींना वाटेल ते बोलले. ते शांतपणे मांजरीकडे बघत होते.

पुढे ते अधूनमधून यायचे. गाणं वाजवा असं कधी म्हणाले नाहीत. चपला बाहेर काढून आत यायचे, अंगठ्याने अगदी डावीकडची पट्टी दाबायचे आणि तो घोगरा आवाज पूर्ण विरेपर्यंत उभे राहायचे. मग "धरतंय" म्हणून निघून जायचे. वर्षातून एकदा सूर लावायला मुंबईहून माणूस येतो. इतक्या घट्ट खुंट्या समुद्राकाठी पाहिल्या नाहीत, कुणी निवडला, असं त्याने विचारलं. आमच्या मिस्त्रींनी, मी म्हणाले. फार अभिमान वाटला मला.

दोन वर्षांपूर्वी मिस्त्री गेले. त्यांना पोचवून आल्यावर मी शिकवणीच्या मुलांना परत पाठवलं. डावीकडची ती पट्टी अंगठ्याने दाबली आणि उभी राहिले. दमट हवेत पियानोच्या पायाला माशाचा वास सुटला होता, मांजर तिथेच बसली होती. आवाज संपायला खूप वेळ लागला. संपल्यावर, ते असते तर म्हणाले असते तेवढंच, मी मोठ्याने म्हणाले.